शेतमजुरी, उचल आणि मुकादम : नव्या कामगार-संहिता व शेतकरी मालक

शेतकरी मनांतून स्वतःस कधींच 'मालक' समजत नाहीं. पावसाची वाट पाहणारा, बाजारभावाच्या हातीं सांपडलेला आणि सोसायटीच्या कर्जानें वांकलेला मनुष्य कसला आला आहे मालक, असें त्यास वाटतें. आणि त्यांत कांहीं खोटेंही नाहीं. परंतु कायदा मनुष्याच्या भावना पाहत नाहीं, त्याचें काम पाहतो. ज्यानें दुसऱ्याच्या हातून मोबदल्यानें काम करून घेतलें तो कायद्याच्या दृष्टीनें मालक. मग तो गिरणीचा धनी असो, रस्त्याचा ठेकेदार असो, वा खुरपणीस चार बाया लावणारा पांच एकरांचा बागाईतदार असो.

हें सांगण्याचें कारण असें कीं, आपल्या देशांतील कामगारविषयक कायद्यांची मोठी फेररचना २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अंमलांत आली. वर्तमानपत्रांतून तिची जी चर्चा झाली ती बहुतेक कारखाने, कचेऱ्या व ठेकेदार यांना अनुलक्षून झाली. त्यामुळें 'हें आपलें काम नव्हे' असा समज शेतकरी वर्गांत पसरला आहे. तो समज चुकीचा आहे व महागांत पडण्यासारखा आहे. म्हणून त्यांतील जेवढा भाग शेतावर मजूर लावणाऱ्यास लागू पडतो तेवढा सोप्या शब्दांत येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वेतिहास

कामगारांच्या हिताचे कायदे आपल्याकडे एकाएकीं आले नाहींत. कामावर असतांना इजा झाल्यास भरपाई देण्याचा कायदा १९२३ सालचा, मजुरी वेळेवर देण्यासंबंधींचा १९३६ सालचा आणि किमान मजुरीचा १९४८ सालचा. या शेवटल्या कायद्याच्या परिशिष्टाचा दुसरा भाग खास शेतीच्या धंद्याकरितांच होता. म्हणजे शेतमजुराची किमान मजुरी ही कांहीं आजची कल्पना नव्हे. ती पाऊणशें वर्षांहून जुनी आहे. पुढें १९७० मध्यें ठेक्याच्या मजुरांचा व १९७६ मध्यें स्त्रीपुरुषांस समान वेतन देण्याचा कायदा झाला. एकामागून एक कायद्यांची अशी भर पडत गेली. प्रत्येकांत 'मजुरी' या शब्दाची व्याख्या निराळी, वहीचा नमुना निराळा, अधिकारी निराळा. दुसऱ्या राष्ट्रीय कामगार आयोगानें २००२ सालीं हे कायदे एकत्र करण्याची शिफारस केली. त्या धोरणानें २९ केंद्रीय कायदे मोडून चार संहिता करण्यांत आल्या : वेतन संहिता, २०१९, औद्योगिक संबंध संहिता, २०२०, सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०, आणि व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता, २०२०.

यांपैकीं औद्योगिक संबंध संहिता संप, टाळेबंदी, कामगार-संघ वगैरे विषयांची आहे. तिच्याशीं सामान्य शेतकऱ्यास फारसें कर्तव्य नाहीं. बाकीच्या तिहींशीं मात्र आहे. आणि त्यांतही वेतन संहितेशीं सर्वांत अधिक.

वेतन संहिता शेतास लागू आहे काय ?

आहे. एक जरी मजूर कामावर असला तरी त्यास ठेवणारा मनुष्य 'मालक' या व्याख्येंत येतो. ठेकेदारही त्याच व्याख्येंत येतो, आणि मालक मयत झाल्यास त्याचा कायदेशीर वारसही येतो. शेतीस संहितेंतून वगळलेलें नाहीं याचा उघड पुरावा तिच्या पन्नासाव्या कलमांत सांपडतो. तेथें शेतीकरितां पांचांहून अधिक माणसें न ठेवणाऱ्या मालकास वह्या, फलक व वेतनचिठ्ठी यांच्या बंधनांतून मोकळें केलें आहे. सूट दिली याचाच अर्थ कायदा लागू आहे, असा होतो.

ही सूट नीट समजून घेणें जरूर आहे. पांच किंवा त्यांहून कमी माणसें लावणाऱ्या शेतकऱ्यास नमुन्याप्रमाणें नोंदवही ठेवण्याची गरज नाहीं. तथापि अधिकाऱ्यानें मागितल्यास मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखविण्याची जबाबदारी त्याच्यावर राहतेच. म्हणजे वहीपासून सुटका आहे, पुराव्यापासून नाहीं. आणि वेचणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत ज्याच्या शेतावर दहा-पंधरा माणसें असतात, त्यास तर ही सूटही मिळत नाहीं.

किमान मजुरी व तिचे नियम

किमान मजुरीचा दर राज्य सरकार ठरवितें. केंद्र सरकारनें ठरवावयाच्या तळ-वेतनाहून तो कमी असतां कामा नये, ही नवी तरतूद आहे. दर वेळोवेळीं बदलतात, यास्तव आम्ही येथें आंकडा देत नाहीं. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कचेरींतून चालू दर विचारून घ्यावा. दरासंबंधीं चार गोष्टी मात्र कायमच्या लक्षांत ठेवाव्या.

पहिली गोष्ट उक्त्या कामाची. कापूस किलोवर वेचून घेतला, किंवा खुरपणी एकरावर अंगावर दिली, म्हणजे किमान मजुरीचा प्रश्न मिटला असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. ज्या कामास नगावरचा वा वजनावरचा किमान दर ठरलेला नाहीं, त्या कामावरील मजुरास वेळेच्या हिशेबानें पडणाऱ्या किमान मजुरीहून कमी पडतां उपयोगी नाहीं. शेवटच्या वेचणीस, बोंडें विरळ झालीं असतां, दिवसभर राबूनही थोडकाच कापूस हातीं लागतो. अशा वेळीं जुना किलोचा दर तसाच ठेवणें हें कायद्यांत बसत नाहीं, आणि न्यायांतही बसत नाहीं.

दुसरी गोष्ट पुरुष व स्त्रिया यांच्या मजुरीची. आपल्या बहुतेक गांवांतून पुरुषाची हजेरी एक व बाईची हजेरी दुसरी असा रिवाज आहे. नांगरट व खुरपणी हीं कामें भिन्न आहेत, त्यांचे दर भिन्न असूं शकतील. परंतु एकाच तासास पुरुष व बाई दोघेंही सोयाबीनची कापणी करीत असतांना मजुरी निराळी देणें हें संहितेच्या तिसऱ्या कलमाविरुद्ध आहे. एकच किंवा सारख्या स्वरूपाचें काम, तर मजुरीही एकच. आणि ही समानता साधण्याकरितां पुरुषाची मजुरी खालीं आणण्यासही त्याच कलमानें मनाई केली आहे. वर न्यावयाची ती बाईचीच.

तिसरी गोष्ट अर्ध्या दिवसाची. मजूर कामास हजर आहे, पण आपण त्यास काम पुरवूं शकलों नाहीं, म्हणून दिवस लवकर सुटला, तर पूर्ण दिवसाची मजुरी देय होते. मजुराच्या स्वतःच्या नाखुषीनें काम थांबलें असेल तर गोष्ट वेगळी.

चौथी गोष्ट धान्याच्या रूपानें दिलेल्या मजुरीची. मजुरी नाण्यांत, नोटांत, चेकनें किंवा बँकेच्या खात्यावर द्यावयाची असा दंडक आहे. धान्य, कडबा, जेवण अशा वस्तूरूप मोबदल्याची किंमत एकूण मजुरीच्या शेंकडा १५ पर्यंतच मजुरींत धरतां येते. हिशेबाकरितां समजा, महिन्याची मजुरी १०,००० रुपये ठरली. तर ज्वारी-गव्हाची किंमत कितीही होवो, मजुरी म्हणून १,५०० रुपयांपर्यंतच ती धरली जाईल. बाकीचे ८,५०० रुपये पैशाच्या रूपानें दिलेच पाहिजेत. अधिक धान्य देण्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु तें आपल्या औदार्याच्या खातीं, मजुरीच्या खातीं नव्हे.

सालगड्याचा प्रश्न

मराठवाडा व विदर्भ या भागांत गुढीपाडव्यापासून सालगडी ठेवण्याची चाल आहे. वर्षाची रक्कम ठरते, कांहीं आगाऊ दिली जाते, कांहीं सणावारीं, आणि उरलेली साल संपतांना चुकती होते. नव्या संहितेनें या चालीस चांगलाच धक्का दिला आहे. मजुरीची मुदत रोजाची, आठवड्याची, पंधरवड्याची किंवा महिन्याची असावी, महिन्याहून मोठी असूं नये, असा तिचा नियम आहे. रोजंदारीची मजुरी त्याच दिवशीं काम सुटतांना, आठवड्याची शेवटच्या कामाच्या दिवशीं, पंधरवड्याची तो संपल्यावर दुसऱ्या दिवसाच्या आंत, आणि महिन्याची पुढील महिन्याच्या ७ तारखेच्या आंत दिली पाहिजे. मजूर काम सोडून गेला किंवा त्यास काढलें, तर दोन कामकाजाच्या दिवसांत त्याचा सर्व हिशेब चुकता करावा लागतो. 'माल विकला म्हणजे देऊं' हें उत्तर यापुढें कायद्यापुढें टिकणार नाहीं.

आमची सूचना अशी कीं, सालाचा करार करावयाचाच असेल तर एकूण रकमेचे बारा भाग करून ते दरमहा द्यावे व त्याची पोंच घ्यावी. ज्यास हंगामापूर्वीं पैसा नसतो त्यानें पीककर्जाचा हिशेब करतांना सालगड्याची मासिक रक्कम आधींच धरावी. यांत मालकाचें नुकसान नाहीं. उलट वर्षाअखेर 'इतके दिले', 'इतके नाहीं दिले' असा जो तंटा दर पाडव्यास उभा राहतो, तो मुळांतूनच नाहींसा होतो.

उचल : सर्वांत नाजूक जागा

उचल देणें हा गुन्हा नाहीं. मजुरास घरच्या आजारपणास, लग्नकार्यास पैसा लागतो. सावकाराच्या दारीं जाण्यापेक्षां तो मालकाकडे येतो. परंतु उचलीच्या वसुलीस कायद्यानें मर्यादा घातली आहे. कोणत्याही एका मुदतींतील सर्व कपात मिळून मजुरीच्या अर्ध्याहून अधिक होतां कामा नये. महिन्याची मजुरी ९,००० रुपये असेल तर ४,५०० रुपयांहून अधिक कापतां येणार नाहीं. शिवाय काम सुरू होण्यापूर्वीं प्रवासखर्चाकरितां दिलेली रक्कम मजुरींतून वसूल करतांच येत नाहीं. बाहेरगांवाहून टोळी आणणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें, कारण गाडीभाडें उचलींत मिळवून टाकण्याची रीत सर्वत्र आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. उचल फिटेपर्यंत मजुरास किंवा त्याच्या कुटुंबास अडकवून ठेवणें, दुसऱ्याकडे कामास जाऊं न देणें, किंवा उचलीच्या जोरावर नाममात्र मजुरीवर राबविणें ही वेठबिगारी होय. तिचा नायनाट करणारा १९७६ चा कायदा या २९ कायद्यांत मोडलेला नाहीं. तो जसाच्या तसा उभा आहे. त्याप्रमाणें अशा मजुराचें कर्ज नष्ट समजलें जातें, गुन्हेगारास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊं शकते, आणि हें कर्ज वेठीचें नव्हे असें सिद्ध करण्याचें ओझें धनकोवर पडतें. सर्वोच्च न्यायालयानें १९८२ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणांत असें ठरविलें कीं, किमान मजुरीपेक्षां कमी देऊन काम करून घेणें हीच राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदांतील सक्तीची मजुरी होय. एक मनुष्य उपाशी आहे म्हणून तो कमी दरास कबूल झाला, तर ती कबुली स्वखुषीची मानतां येत नाहीं, असा या निर्णयाचा आशय आहे.

ऊसतोड, मुकादम आणि ठेका

ऊस लावणाऱ्या वाचकांस हा विषय घरचाच आहे. कारखाना वाहतूकदाराशीं करार करतो, वाहतूकदार मुकादमास उचल देतो, मुकादम कोयते गोळा करतो, आणि दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर वगैरे जिल्ह्यांतून टोळ्या निघतात. या साखळींत पैसा वरून खालीं येतो. जबाबदारी मात्र प्रत्येक जण खालीं ढकलतो. मजुराचें नांव कारखान्याच्या वहींत नसतें, आणि मुकादमाजवळ बहुधा वहीच नसते. तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊस-दरांतून कापला जातो. म्हणजे अखेर तो भरतो शेतकरीच. आणि सहकारी कारखान्याचा सभासद म्हणून मालकही तोच.

सुरक्षितता संहितेंतील ठेका-मजुरांचें प्रकरण ५० किंवा अधिक ठेका-मजूर असलेल्या कामास व तितके मजूर पुरविणाऱ्या ठेकेदारास लागू होतें. १९७० च्या मूळ केंद्रीय कायद्यांत ही संख्या २० होती. मर्यादा वाढल्यामुळें लहान ठेकेदार परवान्याच्या कचाट्यांतून सुटले हें खरें. परंतु यावरून ते सर्व जबाबदारींतून सुटले असें समजूं नये. ठेकेदारानें मजुरी बुडविली तर मुख्य मालकानें ती द्यावी व मागाहून ठेकेदाराच्या बिलांतून कापून घ्यावी, हें तत्त्व कायम आहे. वेतन संहितेंतही, नेमणाऱ्यानें मजुरी न दिल्यास धंद्याचा जो धनी असेल त्याच्यावर ती जबाबदारी टाकली आहे. आणि तेथें मजुरांच्या संख्येची अट नाहीं.

परराज्यांतून आलेल्या मजुरांसंबंधीं आणखी एक बदल आहे. असे १० किंवा अधिक मजूर जेथें असतील त्या कामास स्वतंत्र तरतुदी लागू होतात, आणि त्यांत जाण्यायेण्याच्या भाड्याची एकरकमी रक्कम देण्याची तरतूद आहे. पूर्वीं ठेकेदारामार्फत आलेलाच मजूर या व्याख्येंत येई. आतां ठराविक वेतनमर्यादेच्या आंतील, आपण होऊन आलेला मजूरही येतो. द्राक्षबागा, कांदा-चाळी, वीटभट्ट्या अशा ठिकाणीं परप्रांतीय टोळ्यांवर काम चालविणाऱ्यांनीं हें पाहून ठेवावें.

मुकादम उचल घेऊन पळाला, टोळी आलीच नाहीं, अशी तक्रार दर हंगामांत ऐकूं येते. आणि ती पुष्कळदां खरीही असते. अशा वेळीं मार्ग एकच : मुकादमाशीं केलेला लेखी करार व बँकेमार्फत दिलेल्या रकमेचा पुरावा घेऊन त्याच्यावर रीतसर दावा किंवा फिर्याद करणें. टोळींतील एखाद्या जोडप्यास अडकवून ठेवून पैसे वसूल करूं पाहणारा मनुष्य आपल्या न्याय्य येण्याची बाजू घालवितो आणि स्वतःच आरोपी होऊन बसतो.

इजा व मृत्यु यांची भरपाई

आतां ज्या विषयाकरितां हा लेख मुख्यतः लिहिला, त्याकडे वळूं. मळणीयंत्रांत हात जाणें, ट्रॅक्टर उलटणें, विहिरीवरील मोटारीचा धक्का लागणें, फवारणींत विषबाधा होणें, हे अपघात आपल्या शिवारांत नवे नाहींत. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेतकरी व मजूर यांस झालेल्या विषबाधेनें वीसांहून अधिक जीव घेतले. ती हकीकत कोणीही विसरलें नसेल.

१९२३ च्या कायद्याची जागा आतां सामाजिक सुरक्षा संहितेच्या सातव्या प्रकरणानें घेतली आहे. ज्या कामांस हें प्रकरण लागू होतें त्यांच्या यादींत जमिनीची मशागत, जनावरांची जोपासना, तसेंच ट्रॅक्टर व इतर यांत्रिक साधनांनीं केलेली शेती हीं येतात. काम करीत असतां व कामामुळें अपघात होऊन मजूर मृत्यु पावला, तर त्याच्या मासिक मजुरीचा अर्धा भाग घेऊन त्यास वयाप्रमाणें ठरलेल्या गुणकानें गुणावयाचें. येईल ती भरपाई. कायमचें पूर्ण अपंगत्व आल्यास अर्ध्याऐवजीं शेंकडा ६० धरावयाचे. सरकारनें ठरविलेल्या कमींत कमी रकमेहून भरपाई खालीं जात नाहीं.

उदाहरण घेऊन पाहूं. चाळीस वर्षांच्या मजुराची महिन्याची मजुरी १२,००० रुपये आहे. तिचा अर्धा भाग ६,००० रुपये. चाळीस वर्षांस गुणक १८४.१७. गुणाकार होतो ११,०५,०२० रुपये. मजूर तीस वर्षांचा असेल तर गुणक २०७.९८, आणि रक्कम १२,४७,८८० रुपये. दोन-तीन एकरांच्या धन्यास ही रक्कम म्हणजे जमीन विकण्याची पाळी. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या घरांतील कर्ता पुरुष गेला, त्या घरास विकावयास जमीनही नसते.

यासंबंधीं कांहीं चुकीच्या समजुती फार रूढ आहेत. त्या एकेक करून सांगतों.

एक : 'यंत्र माझें नव्हे, भाड्याचें होतें.' मळणीयंत्राच्या धन्याचा मजूर आपल्या खळ्यावर, आपल्याच धंद्याचें काम करतांना दगावला, तर भरपाई शेतकऱ्याकडूनही मागतां येते. ती दिल्यावर यंत्राच्या धन्याकडून वसूल करण्याचा हक्क शेतकऱ्यास आहे. पण आधीं झळ लागते ती त्यालाच.

दोन : 'चूक त्याचीच होती.' मजूर दारूच्या अमलांत होता, किंवा सुरक्षिततेची साधनें त्यानें जाणूनबुजून काढून टाकलीं, ही सबब किरकोळ इजेपुरती चालते. मृत्यु किंवा कायमचें पूर्ण अपंगत्व आलें असेल तर ती चालत नाहीं.

तीन : 'पंचांसमक्ष दोन लाख देऊन कागद करून घेतला.' मृत्यूची भरपाई सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर वारसांच्या हातीं दिलेली रक्कम, थोड्या आगाऊ रकमेखेरीज, भरपाई म्हणून धरली जात नाहीं. आणि हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढें निरर्थक आहे. असे गांवकीचे समझोते करणारा पुष्कळदां दोनदां पैसे भरतो.

चार : 'शेतकरी अपघात योजनेंतून मिळेल.' गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाची जी सानुग्रह अनुदानाची योजना आहे, ती खातेदार शेतकरी व त्याच्या कुटुंबांतील व्यक्ति यांकरितां आहे. आपल्याकडील भूमिहीन मजूर तींत येत नाहीं.

भरपाई वेळेवर दिली नाहीं तर शेंकडा १२ दरानें व्याज चढतें, आणि विलंबास सबळ कारण नसल्यास मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंडही होऊं शकतो. नव्या संहितेनें आणखी एक भर घातली आहे : घरून कामावर येतांना किंवा कामावरून घरीं जातांना झालेला अपघात, त्याचा कामाशीं वेळ-स्थळाचा संबंध जुळत असेल तर, कामावरचाच समजला जातो. ट्रॉलींत वीस बाया भरून वेचणीस आणणाऱ्यांनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

उपाय काय ? विमा. सर्वसाधारण विमा कंपन्या मालकाच्या या जबाबदारीचा विमा उतरवितात. एकट्यानें उतरविणें जड जात असेल तर सोसायटीनें किंवा शेतकरी मंडळानें सभासदांच्या वतीनें कंपनीशीं बोलणें करावें. ट्रॅक्टरच्या विम्यांत चालक व मजूर धरले आहेत कीं नाहीं, हेंही पत्र काढून पाहावें. आणि विम्याहून आधीं खबरदारी : फवारणीस हातमोजे, मुखपट्टी व अंगभर कपडे द्यावे, १९७१ च्या कीटकनाशक नियमांत संरक्षक कपड्यांची तरतूद पूर्वींपासूनच आहे. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारणी करवूं नये. मळणीयंत्रावर सैल पदर, मफलर नको. आणि रात्रीं झोपेच्या भरांत घास घालण्यास कोणास बसवूं नये.

मुलांविषयीं

१९८६ च्या बालकामगार कायद्यांत २०१६ मध्यें दुरुस्ती झाली. हाही कायदा संहितांबाहेर स्वतंत्रपणें चालू आहे. चौदा वर्षांखालील मुलास मजुरीनें कोणत्याही कामास लावतां येत नाहीं. शाळा सुटल्यावर किंवा सुटींत आपल्याच कुटुंबाच्या शेतावर मदत करण्यास मुभा आहे, ती दुसऱ्याच्या शेतास लागू नाहीं. मजूर बाईनें आपली मुलगी बरोबर आणली आणि तीही वेचूं लागली, तर 'आईनें आणली' हें उत्तर धन्यास वाचविणार नाहीं.

दंड, दावा आणि पुरावा

देय मजुरीहून कमी दिल्यास पहिल्या वेळीं ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पांच वर्षांच्या आंत तोच गुन्हा पुन्हा झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मजुरास दावा करण्यास आतां तीन वर्षांची मुदत आहे. जुन्या किमान मजुरी कायद्यांत ती सहा महिने होती. दावा मान्य झाल्यास थकलेल्या रकमेखेरीज तिच्या दसपटीपर्यंत नुकसानी देवविण्याचा अधिकार अधिकाऱ्यास आहे. आणि मुख्य गोष्ट : मजुरी दिली हें सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे, दिली नाहीं हें सिद्ध करण्याचा भार मजुरावर नाहीं.

म्हणून प्रत्येक शेतकऱ्यानें, सूट असो वा नसो, एक साधी वही ठेवावी. तींत सात रकाने पुरेत : तारीख, मजुराचें नांव, काम, वेळ, दर, दिलेली रक्कम, सही किंवा आंगठा. उचल दिली तर निराळ्या पानावर लिहावी. खात्यावर पैसे पाठविले तर त्याची नोंद आपोआपच राहते, तरी वहींत टिपावें. वही निदान चार वर्षें जपून ठेवावी.

अखेरचे दोन शब्द

आमचे कांहीं सभासद म्हणतील, 'मालाचा भाव आमच्या हातीं नाहीं, मजुरी मात्र सरकार वाढवितें. आम्ही जावें कोठें?' हा प्रश्न खोटा नाहीं, आणि त्याचें उत्तर या संहितांत नाहीं. भावाचा लढा हा निराळा लढा आहे, आणि तो लढलाच पाहिजे. परंतु आपल्यावरील अन्यायाची भरपाई आपल्याहून दुबळ्याच्या हजेरींतून करणें हा त्याचा मार्ग नव्हे. शिवाय लागवडीच्या खर्चांत मजुरी हा मोठा भाग असतो. ती प्रत्यक्षांत किती पडते याचा आंकडा ज्याच्या वहींत आहे, त्यालाच सरकारपुढें 'हा भाव परवडत नाहीं' असें ठामपणें सांगतां येतें. जी वही अधिकाऱ्याच्या भीतीनें सुरू होईल, तीच उद्यां भावाच्या मागणीस आधार होईल.

हा लेख वाटाड्यापुरता आहे. प्रत्यक्ष तंटा उद्भवल्यास वकिलाचा किंवा कामगार कचेरीचा सल्ला घ्यावा. राज्याचे नियमही पाहावे. मात्र एवढें तीन गोष्टींचें काम कोणाच्या सल्ल्यावांचून या हंगामापूर्वीं करतां येईल : वही घालावी, विम्याची चौकशी करावी, आणि मळणीयंत्र खळ्यावर येण्यापूर्वीं त्याच्या धन्याशीं दोन ओळींचा करार करावा. सुगीच्या घाईंत या गोष्टी होत नाहींत, आणि अपघात तर घाईंतच होतो.